गाडी तुझ्या नावावर

ब्राह्मणपारा, रायपूर
रविवार, १८ जानेवारी २०२६

प्रिय विनीता,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते टेबलावर तसंच ठेवून देशील, असं आमचे हे म्हणाले. मी म्हटलं, अर्धा तास ठेवेल, मग चष्मा शोधायला लागेल. आपण बोललो नाही त्याला दहा वर्षं होत आली. तुझा नंबर आहे माझ्याकडे, पण तू नुसतं ‘हॅलो’ म्हणालीस तरी मला पुढचं सुचणार नाही, किंवा नको ते सुचेल. कागदावर खोडता तरी येतं. हा तिसरा कागद आहे, आधीचे दोन फाडले. तर आधी बातमी देते. गाडी चालू आहे. आपली पांढरी मारुती, जिला तुझ्या अभिनवने तेव्हा डबडं म्हटलं होतं, ती आज सकाळी या थंडीतसुद्धा पहिल्या चावीला सुरू झाली. येत्या बारा फेब्रुवारीला तिला पंचवीस वर्षं पूर्ण होतात आणि त्याच दिवशी तिचं रजिस्ट्रेशन संपतं. ते पुढे वाढवून घेतलं तर ती आणखी पाच वर्षं रस्त्यावर राहील, नाही तर भंगारात जाईल. घरातले सगळे भंगाराच्या बाजूने आहेत. आमचे हे कोणाच्याच बाजूने बोलत नाहीत, तुला माहीतच आहे. दुसऱ्या बाजूला मी एकटी आहे आणि मला एकटीला पुरेसं आहे.

आशयने दिवाळीला मोठी गाडी घेतली. इतकी मोठी की तिच्यात चढायला मला पायरी लागते. आत बसलं की ती आपल्याशी बोलते, पट्टा लावा म्हणते, लेन सोडू नका म्हणते. पण आमच्या गल्लीत ती शिरत नाही. देवळाच्या कोपऱ्यावर तिचे आरसे मिटवावे लागतात आणि तरीही ती वळत नाही, म्हणून ती रोज शाळेच्या मैदानाजवळ दुसऱ्याच्या दारात उभी असते आणि आशय तिच्यापर्यंत चालत जातो. माझी मात्र दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा ठेवून थेट ओट्याशी येते. हे मी त्याला एकदा दाखवून दिलं तर म्हणतो कसा, “आई, ये गाडी नहीं, जिद है आपकी.” पोरगा मराठी सगळं समजतो आणि भांडतो हिंदीत, म्हणजे मीही हिंदीत भांडावं अशी त्याची अपेक्षा. मी मराठीतच सांगितलं, की जिद्दच आहे, आणि ती तुझ्या जन्मापासूनची नाही, त्याच्याही आधीची आहे. सूनबाई शहाणी आहे, ती भांडत नाही, ती माहिती देते. जुनी गाडी दिली की नवीवर सूट मिळते, जुनीचा धूर वाईट असतो, बासष्टाव्या वर्षी ऑटोमॅटिक बरी. धुराचं सर्टिफिकेट मी तिच्यासमोर ठेवलं. बासष्टाचं काय करायचं ते मात्र मला अजून सुचलेलं नाही.

मला आठवतो तो आपला पहिला हिवाळा. राज्य नवीन, मंत्रालयाला इमारत नव्हती म्हणून ते जुन्या दवाखान्यात थाटलेलं, आणि आपला सेक्शन एका वॉर्डात. भिंतीत हात धुवायचं बेसिन तसंच होतं आणि फायली ठेवायला जागा नव्हती म्हणून तू त्यात फायली रचायचीस. तू भोपाळहून आलेली, बदलीच्या यादीत नाव निघालं म्हणून, बारा वर्षांचा अभिनव आणि दोन ट्रंका घेऊन. मी इथल्याच कलेक्टर कचेरीतून आलेली. टाटीबंधच्या तुझ्या खोलीपासून ऑफिसपर्यंत तू दोन ऑटो बदलायचीस, आणि पोचेपर्यंत धूळ-धूर खाऊन तुझा चेहरा भाजलेल्या वांग्यासारखा व्हायचा. त्याच जानेवारीत गाडीसाठी अग्रिम देण्याचं ते परिपत्रक आलं होतं. अर्ज पुरुषांनीच करायचे असा काही नियम नव्हता, पण चालत तसंच आलं होतं. तू ते परिपत्रक दोनदा वाचलंस आणि मला म्हणालीस, “काहून वं, ह्याच्यात कुठं लिहिलं आहे का बाईनं गाडी घेऊ नये म्हणून?” मोठे बाबू हसले, म्हणाले, मॅडम, आप लोगों के लिए स्कूटी ठीक है. त्यांच्या त्या हसण्यावर आपली गाडी आली. तू विसरली असशील, मी नाही.

मी प्रतिनियुक्तीवर होते, माझा अर्ज बसत नव्हता, तुझा बसला. म्हणून गाडी तुझ्या नावावर. हप्ते दोघींचे, गाडी दोघींची, आणि कागद एकटीचा. आता बघ, चौदा वर्षं आपण शेजारी बसून काय केलं, तर लोकांच्या फायली परत पाठवल्या. एक सही नाही, परत. तारखेत खाडाखोड, परत. त्या बिचाऱ्या बिलासपूरच्या मास्तरांची पेन्शन आपण एका शिक्क्यासाठी तीनदा परत केली होती. आणि आपल्या दोघींमध्ये साधा एक कागद करून ठेवावा हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. एकदा मी बोलले होते, तर तू म्हणालीस, मैत्रिणींत कसला कागद, उद्या मी काय तुझ्यावर केस करणार आहे का. मलाही ते पटलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

सायन्स कॉलेजच्या मैदानावर आपण दोघी चालवायला शिकलो. मी आठ दिवसांत शिकले, तू महिनाभरात, आणि रिव्हर्स तुला शेवटपर्यंत जमला नाही. मागे घ्यायची वेळ आली की तू भर चौकात गाडी थांबवून खाली उतरायचीस, मी इकडून तिकडे जाऊन बसायचे, मागे घ्यायचे, पुन्हा उतरायचे. मागचे हॉर्न मारून मारून थकायचे. तुला लाज म्हणून वाटली नाही कधी. मला ते फार आवडायचं, पण तेव्हा मी तुला नुसती रागवायचे.

आणि मग मंत्रालय नव्या रायपुरात गेलं. जाऊन-येऊन पन्नास-पंचावन्न किलोमीटर, रस्ते ऐसपैस आणि बसचा पत्ता नाही. तेव्हा आपल्या गाडीचे खरे दिवस आले. मागच्या सीटवर शांता आणि गोदावरी, पुढे आपण, चौघींचे डबे पायाशी. येताना ती पाच मिनिटं आठवतात का? तूच सुरू केली होतीस. शहर लागायच्या आधी, त्या रिकाम्या प्लॉटच्या बाजूला, जिथे बाभळी होत्या, तिथे गाडी थांबवायची, इंजिन बंद करायचं आणि पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही. ऑफिस संपलेलं आणि घर अजून सुरू न झालेलं. तिथे शांता झोपून जायची, गोदावरी बांगड्या मोजत बसायची आणि तू नुसती समोर बघायचीस. मग तू म्हणायचीस, “चला, आता सासरी,” आणि मी गाडी सुरू करायचे. घरात आमच्या ह्यांना, तुमच्याकडे अभिनवला, कोणाला ते माहीत नव्हतं. वीस मिनिटं उशीर झाला की आपण ट्रॅफिक म्हणून सांगायचो, आणि नव्या रायपुरात ट्रॅफिक नसतं हे सगळ्या जगाला माहीत होतं.

तू सुटी घेऊन नागपूरला गेलीस ती सुटी नव्हती, ती स्वेच्छानिवृत्ती होती, हे मला ऑर्डर निघाल्यावर कळलं. अभिनवला बाळ झालं होतं, तुझी तिथे गरज होती, सगळं मान्य. पण माझ्या टेबलाला वळसा घालून तुझा कागद गेला आणि तू आदल्या दिवशी माझ्याच शेजारी बसून डबा खाल्लास. ते मी तुला कधी बोलले नाही. आता बोलते. मला त्याचा राग आला होता आणि तो राग मी पुढे भलत्याच ठिकाणी काढला.

त्यानंतरची दहा वर्षं गाडी मी एकटीने चालवली. शांता रिटायर झाली, गोदावरी मुलीकडे गेली, बाभळी तोडून तिथे आता कसलं तरी मोठं गेट झालं आहे. पाच मिनिटं मी थांबत राहिले, गेटपासून जरा पुढे. देवीदास अजून पंडरी बाजाराच्या मागेच आहे, त्याचं गॅरेज आता त्याच्या पोराने घेतलं आहे, पण आपल्या गाडीला तो पोराला हात लावू देत नाही. क्लच प्लेट तीनदा बदलली, सायलेन्सर चारदा, इंजिन एकदा पूर्ण उतरवून पुन्हा चढवलं. खालचा पत्रा गंजला होता, तो नवा ठोकून घेतला. काही सुटे भाग मिळत नाहीत, तेव्हा तो बलोदाबाजारपर्यंत माणूस पाठवतो. दरवेळी मी विचारते, किती दिवस काढेल? आणि दरवेळी तो तेच म्हणतो, “हव दीदी, अऊ चलही.” अजून चालेल. मीटर आपल्या समोर एकदा शून्यावर आलं होतं, तेव्हा आपण चौघींनी रस्त्याच्या कडेला नारळ फोडला होता. त्यानंतर ते आणखी दोनदा शून्यावर आलं. म्हणजे तीन लाख किलोमीटरच्या वर. तिसऱ्यांदा आलं तेव्हा मी एकटीच होते आणि नारळ नव्हता, म्हणून डब्यातला लाडू डॅशबोर्डवर ठेवला. लोक मला म्हणतात, जुन्या वस्तूत जीव अडकवू नये. मी त्यांना विचारते, का नाही अडकवायचा? वस्तू चालते आहे. तिने मला एकदाही नव्या रायपूरच्या उन्हात उभं केलं नाही. माणसांबद्दल असं सांगता येईल का? चालत्या गाडीला फक्त तिचं वय बघून फेकणारी ही माणसं उद्या आपल्याकडे बघून काय ठरवतील, ते मी रोज जेवताना त्यांच्या तोंडाकडे बघत ओळखते.

आता त्या फोनकडे येते. दोन हजार सोळाचा फेब्रुवारी. पंधरा वर्षं पूर्ण झाली होती, कागद नवे करायचे होते आणि तुझा फोन आला, की अभिनवने गिऱ्हाईक बघितलं आहे, गाडी देऊन टाक. मी नाही म्हटलं. तू म्हणालीस, “कौमुदी, गाडी माझ्या नावावर आहे. उद्या कोणाले ठोकलं तं पोलीस माझ्या दारात येईल, तुझ्या नाही.” तुझं खरं होतं. आज मी शंभर वेळा म्हणते की खरं होतं. पण ‘माझ्या नावावर’ हे शब्द तू असे म्हणालीस, जसे आपण फाईल परत करताना लिहायचो तसे. आणि मग मी जे बोलले ते तुलाही पाठ आहे, मलाही पाठ आहे. तू फोन ठेवलास. दुसऱ्या दिवशी अभिनवचा निरोप आला, की गाडी तुम्हीच ठेवा, आईला पुन्हा फोन करू नका. मी केला नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तो पीळ माझा.

मग कागदांचं काय झालं, असा प्रश्न तुला पडला असेल, किंवा नसेलही, तुला वाटलं असेल मी गाडी कधीच मोडीत काढली. सांगते. अर्जावर मालकाची सही हवी होती. मालक नागपूरला, न बोलणारी. मी स्वयंपाकघरात बसून, जुन्या नोटशीटवरची तुझी सही समोर ठेवून, तिचा सराव केला. तो मोठा ‘व’, मग एकदम घाईघाईत बाकीचं, आणि खाली ती उगाच लांब ओढलेली रेघ. चौदा वर्षं ती सही माझ्या डोळ्यासमोर होत होती, चार-पाच प्रयत्नांत जमली. सोळामध्ये एकदा केली, एकवीसमध्ये एकदा. दरवर्षीचा विमाही तुझ्याच नावाने. आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी लोकांना नोटिसा काढल्या ती गोष्ट मी स्वतः दोनदा केली, आणि खरं सांगू, जेवढं वाईट वाटायला हवं होतं तेवढं वाटलं नाही. कागदावर तुझं नाव लिहिताना मला जरा बरंच वाटायचं. आशयला हे परवा कळलं. तो डोक्याला हात लावून बसला. आमचे हे म्हणाले, मला माहीत होतं. म्हणजे हे दहा वर्षं गप्प होते. यांच्या गप्प बसण्याला काही तोडच नाही.

आता सगळं ऑनलाइन झालं. गाडी तपासणीत पास होईल, देवीदासने ब्रेकपासून दिव्यापर्यंत सगळं करून दिलं आहे, त्याची मला काळजी नाही. पण अर्ज भरला की मालकाच्या आधारला जोडलेल्या मोबाइलवर एक नंबर येतो आणि तो दहा मिनिटांत भरावा लागतो. मी पहिल्यांदा भरून बघितला. स्क्रीनवर तुझ्या मोबाइलचे शेवटचे चार आकडे दिसले आणि मी खुर्चीवरून उठले. या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तुला एक अनोळखी मेसेज आला असेल, तो माझा होता. आशय म्हणाला, झालं, आता संपलं, द्या भंगारात. भंगारात द्यायलाही मालकाचीच परवानगी लागते, हे त्याला मीच सांगितलं. मग तो म्हणाला, काकूंना फोन करून नंबर विचारा आणि एकदाचं तुमच्या नावावर करून घ्या. ते मी करणार नाही. गाडी माझ्या नावावर झाली की रायपुरात तुझं काही उरत नाही. कागद कुठेही न्या, तिच्यावर तुझंच नाव राहील.

म्हणून शनिवारी पहाटे मी निघते आहे. दुर्ग, राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा, नागपूर. आशय म्हणतो, ही गाडी भंडाऱ्यापर्यंतही जाणार नाही. मी त्याला म्हटलं, तू तुझ्या गाडीला आमच्या गल्लीत आणून दाखव, मग बोल. दुपारी एकपर्यंत तुझ्या गेटपाशी पोचेन. अर्जाचे दोन्ही प्रकार बरोबर आणते आहे, पुढे वाढवायचा आणि मोडीत काढायचा. नंबर तुझ्या फोनवर येईल, तू ठरव, मालक तू आहेस. तुझी सही मला जमते, तुझ्या फोनवर येणारा नंबर मला काही केल्या लिहिता येत नाही. पण हे कारण मी आशयला सांगितलेलं आहे. तुला खरं सांगते. त्या दिवशी फोनवर मी म्हणाले होते, “नवराही तुझ्याच नावावर होता ना विनीता, तो कुठे राहिला?” माझा नवरा घरात पेपर वाचत बसलेला असताना मी हे बोलले. भोपाळहून तू दोन ट्रंका घेऊन आलीस, त्या माणसाबद्दल चौदा वर्षांत कधी एक शब्द काढला नाहीस, फक्त त्या पाच मिनिटांत समोर बघत बसायचीस, आणि तू काय बघतेस ते माहीत असलेली मी एकटी होते. तेच मी तुझ्यावर फेकलं. नंबर द्यावासा वाटला नाही तर देऊ नकोस. गाडी तुझ्या दारात उभी करून, चावी अभिनवच्या हातात देऊन मी बसने परत येईन. पण ते वाक्य तुझ्या तोंडावर परत घेतल्याशिवाय मी नागपूर सोडणार नाही, मग तू गेट उघड किंवा नको उघडू.

तुझीच,
कौमुदी